शिवणीतील माया

वाचकहो, कपडा अंगाला बसला नाही तर दोष कोणाचा मानावयाचा, कपड्याचा की अंगाचा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. बसला नाही तर दुसरा घ्यावा, त्यात तत्त्वज्ञान कसले, असे कोणीही म्हणेल. परंतु दुकानातील आरशापुढे उभी असलेली बाई, बटण लागत नाही असे दिसताच काय बोलते ते आठवून पाहा. "हा झगा लहान शिवला आहे" असे ती म्हणत नाही. "मी किती सुटले आहे!" असे म्हणते. ज्याने तो झगा बेतला त्याने तिला कधी पाहिलेले नाही, तिचे माप घेतलेले नाही, तरी चूक तिने आपल्याच अंगावर घेतली. आता तर तो आरसाही राहिला नाही. फोनवर चित्र पाहावयाचे, एस, एम, एल यांपैकी एका अक्षरावर बोट टेकवावयाचे आणि पुडके दाराशी येण्याची वाट पाहावयाची. पुडक्यातून निघालेला कपडा खांद्यात अडला की तोच निवाडा घरातल्या घरात पुन्हा होतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्हा अंगच उभे राहते.

आम्ही शाळेत होतो त्या काळी आमच्या घरात तयार कपडा क्वचितच येई. सणाच्या आधी कापडाचा एक तागा येई आणि त्यातून सर्व भावंडांचे सदरे निघत, त्यामुळे रस्त्याने जाताना आम्ही एखाद्या बँडपथकासारखे दिसत असू. शिंपी गळ्यात टेप अडकवून मापे मोठ्याने सांगे व त्याचा पोऱ्या ती वहीत उतरून घेई. सदरा बिघडला तर आई तो घेऊन तडक दुकानात जाई आणि शिंप्याला चार शब्द सुनावी. पोराच्या अंगाला कोणी बोल लावीत नसे. माप घेणारा मनुष्य समोर होता, तेव्हा दोष कोणाचा हेही ठरलेले होते.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष नव्याने वेधले ते जपानमुळे. टोकियो शहराच्या पूर्वेस एदोगावा विभागात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. संगणकाच्या कामानिमित्त गेलेली पुष्कळ हिंदी कुटुंबे, त्यांत मराठीही, तेथे राहतात. आमच्या एका भाचीचे बिऱ्हाड तेथेच आहे. तिची मुलगी चौदा वर्षांची, उंचीने व हाडापेराने आपल्या आजीवर गेलेली. मुलीसाठी मागविलेला एल मापाचा सदरा दंडात अडकला, मग मागविला तो थ्री एल. भाचीने आम्हांस विचारले, "मामा, ती म्हणते, वर्गातल्या मुली एम घालतात आणि मला थ्री एल लागतो. दोन दिवस धड जेवली नाही. तिला काय सांगू?"

हा विषय चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. जपानी सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीत, विशी ते तिशीच्या वयातील स्त्रियांपैकी सुमारे पाचातील एक आवश्यकतेपेक्षा कमी वजनाची आढळली होती. जेथे बारीक असणे हीच रीत आहे, तेथे मुलीने ताट बाजूला सारले तर आईच्या पोटात गोळा येणारच. म्हणून आम्ही जपानी मापांविषयी मिळेल ते वाचले आणि भाचीला जे कळविले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहो.

जपानमध्ये कपड्यांच्या मापांना राष्ट्रीय मानक आहे. त्यात स्त्रियांचा एम म्हणजे छाती ७९ ते ८७ सेंटिमीटर, नितंब ८७ ते ९५ आणि उंची १५४ ते १६२. नीट बेतलेल्या कपड्यांवर याहून बारकाईने लिहितात. उदाहरणार्थ, "९ एआर" अशी खूण असते. त्यात ९ हा छातीचा आकडा, म्हणजे ८३ सेंटिमीटर; आर म्हणजे १५८ सेंटिमीटरच्या आसपासची उंची; आणि मधला ए म्हणजे त्या उंचीच्या व त्या छातीच्या स्त्रियांत जे नितंबांचे माप सर्वांत अधिक आढळते ते. ज्यांचे त्याहून चार सेंटिमीटर कमी त्यांना वाय, चार अधिक त्यांना एबी, आठ अधिक त्यांना बी. पुरुषांच्या सुटांनाही अशीच, छाती व कंबर यांतील अंतरावरून ठरविलेली अक्षरे आहेत. हे कोणी मनाने ठरविलेले नाही. १९९२ ते १९९४ या काळात तेथे सुमारे ३४ हजार माणसांची मापे घेण्यात आली होती. तेव्हा जपानी एम हा खोटा नव्हे. तो जपानी लोकांविषयीचे एक खरे विधान आहे. आमच्या भाचीच्या लेकीविषयी मात्र त्यात एक अक्षरही नाही, कारण त्या मोजणीत तिची आजी, पणजी, कोणीच नव्हते. थ्री एल या खुणेचा अर्थ इतकाच की हा कापड बेतणारा ज्यांना डोळ्यांपुढे ठेवून बसला होता त्यांपैकी ही मुलगी नव्हे. हे आम्ही तिला कळविले. तिला ते पटले की नाही हे सांगता येत नाही, चौदाव्या वर्षी गणिताने रडू थांबत नाही. पण ती जेवू लागली असे कळले.

आपल्या देशात कपड्याच्या मापाला मिदा म्हणतात हे वाचक रोजच ऐकतात. तोच शब्द तोरेच्या तिसऱ्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात येतो, जेथे लांबीत, वजनात व धान्याच्या मापात अन्याय करू नये अशी आज्ञा आहे. आणि माणसाच्या स्वभावातील सद्गुणांनाही मिदोतच म्हणतात. मराठीत आपण "मापात पाप" म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे दांडी मारणारा वाणी येतो. शिंप्याच्या टेपेत कोणी पाप पाहिले नव्हते, कारण वार सगळीकडे सारखाच होता. पण एम हे अक्षर वारासारखे नाही. ते टोकियोत एक, तेल अवीवमध्ये दुसरे आणि न्यूयॉर्कमध्ये तिसरे असते. अमेरिकेत तर गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून तेवढ्याच घेराच्या कपड्यावर पूर्वीपेक्षा लहान आकडा घालण्याची रीत पडली आहे. बाईला वाटते, आपण रोडावलो. खुशामत करणारे माप आणि लाजविणारे माप, दोन्ही आमच्या मते एकाच माळेचे मणी.

मोजणीत कोण धरले व कोण वगळले हा प्रश्न तर याहून जुना आहे. १९३९-४० साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने तयार कपड्यांची मापे ठरविण्यासाठी सुमारे १५ हजार स्त्रियांना मोजले, एकेकीची ५९ मापे घेतली. एवढे कष्ट केले, परंतु हिशेबात धरल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया. इतरांनी मग त्या आकड्यांत आपले अंग कोंबावयाचे. भारतातही आता फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर व शिलाँग या सहा शहरांत मिळून २५ हजार माणसे मोजण्याचे काम हाती घेतले. तोपर्यंत तेथील तयार कपडा परदेशी मापांवर चालला होता. कोकणातली बाई आणि खासी टेकड्यांतली बाई एकाच तक्त्यात कशा मावतात ते पाहण्यासारखे असेल.

आणि सर्वांना मोजले तरी काय साधते? १९५० साली अमेरिकन विमानदलाने ४०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांतील दहा मापे निवडली आणि दहाही बाबतींत साधारण सरासरीच्या जवळपास असणारे वैमानिक किती, हे काढून पाहिले. उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही सरासरी मनुष्य निघाला नाही. विमानातील बैठक मात्र तोवर त्या नसलेल्या माणसासाठीच बेतलेली होती. पुढे सरकवता येतील अशा बैठका आल्या. सदोमच्या लोकांविषयी आपल्या विद्वानांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: तेथे पाहुण्यासाठी एकच पलंग असे, लांब मनुष्य आला तर त्याचे पाय तोडीत, आखूड आला तर त्याला ताणीत. लहानपणी ती ऐकून आम्हांला हसू येई. आता एल अक्षराच्या विजारीत श्वास रोखून शिरणारी माणसे पाहिली की तो पलंग आठवतो, फरक एवढाच की येथे पाहुणा स्वतःच आपले पाय कापावयास बसतो.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आता जपानातील त्या प्रयोगाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. चिबा येथील एका कंपनीने २००४ साली झोझोटाऊन नावाचे कपड्यांचे ऑनलाईन दुकान काढले व ते फार भरभराटीस आणले. तिचे संस्थापक युसाकू माएझावा यांनी २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की यापुढे माणसाने कपड्याला जुळवून घ्यावयाचे नाही, कपड्याने माणसाला जुळवून घ्यावयाचे. त्यासाठी गिऱ्हाइकाला घरपोच एक अंगाबरोबर बसणारा, ताणला जाणारा पोशाख फुकट द्यावयाचा, टपालखर्च तेवढा घ्यावयाचा. पहिला बेत त्या पोशाखात विजेची संवेदके बसविण्याचा होता, पण तो मोठ्या प्रमाणावर करणे जमेना. मग २०१८ च्या एप्रिलात काळ्या कापडावर तीनचारशे पांढरे ठिपके असलेला साधा पोशाख आला. तो घालून, फोन मेजावर टेकवून, दोन मीटर दूर उभे राहावयाचे. फोनमधून आवाज येई, आता एक वाजल्याच्या दिशेला वळा, आता दोनच्या. अशा रीतीने घड्याळाच्या काट्यासारखे स्वतःभोवती एक फेर धरावयाचे, बारा छायाचित्रे निघत आणि ठिपक्यांवरून अंगाचा प्रत्येक घेर काढला जाई. त्या मापांवरून आधी टी-शर्ट व जीन्स, मग २०१८ च्या जुलैपासून सूट शिवून मिळावयाचे. त्याच महिन्यात कंपनीने बहात्तर देशांत हे उघडले.

वाचकहो, आम्हांला या कल्पनेचे कौतुक वाटले, आणि अजून वाटते. ज्या युगात सर्व जग तीन अक्षरांत बसवावयाचे ठरले होते त्या युगात एका व्यापाऱ्याने म्हणावे की प्रत्येकाचे अंग वेगळे आहे आणि जुळवून घेण्याचे काम आमचे आहे, हे लहान बोलणे नव्हे. दोषाचे ओझे त्याने अंगावरून काढून कपड्यावर ठेवले. आमच्या भाचीच्या मुलीला या पोशाखाने कधी थ्री एल म्हटले नसते. तिचे माप तिच्या नावाचे झाले असते.

पण गाडे चालले नाही. दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली मापे पाठविली, परंतु मापे पाठविणे सोपे आणि प्रत्येक मापाचा वेगळा सूट शिवून वेळेवर पोहोचविणे अवघड. सूट पाठविण्यास फार विलंब झाला, आणि आलेले कपडे बसत नाहीत अशाही तक्रारी झाल्या. २०१९ च्या मार्चअखेर संपलेल्या वर्षात या स्वतःच्या छापाच्या कपड्यांत कंपनीला सुमारे साडेबारा अब्ज येनचा तोटा आला. त्याआधीच, २०१८ च्या ऑक्टोबरात, माएझावांनी सांगितले होते की ठिपक्यांचा पोशाख हळूहळू कमी करणार, कारण एवढ्या लोकांची मापे हाती आल्यावर आता उंची, वजन, वय व स्त्री की पुरुष एवढे कळले की बाकीचे माप अंदाजाने काढता येते. २०१९ च्या सप्टेंबरात ते कंपनीच्या प्रमुखपदावरून दूर झाले आणि पुढे कंपनी याहू जपानच्या ताब्यात गेली. तेच गृहस्थ २०२१ च्या डिसेंबरात रशियन सोयुझ यानातून अंतराळात जाऊन आले. त्या यानातील प्रत्येकाच्या बैठकीची गादी त्याच्या पाठीचा साचा घेऊन घडवितात, त्याशिवाय उतरताना बसणारा धक्का पाठीला सोसत नाही. ज्याला सर्वांसाठी बेतून देणे जमले नाही त्याच्यासाठी कोणीतरी नीट बेतून दिले, हे वाचून आम्हांस अंमळ मौज वाटली.

असो. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली अशी की मनुष्य मोजला म्हणजे कपडा बसतोच असे नाही. छातीचा घेर अमुक हे यंत्र सांगेल, पण या मनुष्याला सदरा छातीशी भिडलेला आवडतो की वारा खेळता, तो दिवसभर खुर्चीत बसतो की फळ्यावर हात उंच करून लिहितो, हे ठिपक्यांना कसे कळावे? आमचा शिंपी माप घेताना "मास्तर, जरा सैल ठेवू ना?" असे विचारी. त्या एका प्रश्नाला पर्याय सापडलेला नाही. दुसरी गोष्ट अशी की प्रयोगाच्या शेवटी जे उरले ते आरंभी सांगितलेल्याच्या नेमके उलट होते. प्रत्येकाला वेगळे पाहू म्हणून निघालेल्यांनी दहा लाख अंगांचे आकडे जमविले आणि त्यांच्या आधारे उरलेल्यांचे अंग न पाहता ओळखू लागले. २०१९ पासून त्या दुकानात काही कपडे उंची व वजन सांगून निवडता येऊ लागले. एकाच कपड्याचे पुष्कळ आकार ठेवले, म्हणजे तीन अक्षरांच्या जागी मोठा तक्ता आला. सोय झाली हे खरे. परंतु शिंप्याच्या वहीत आमचे माप होते ते आमच्या सदऱ्यासाठी. ते पाहून त्याने दुसऱ्या कोणाची कंबर ताडली नाही. दहा लाख लोकांनी ठिपके घालून जो फेर धरला तो त्यांच्या मते त्यांच्या विजारीसाठी होता. मिळालेले माप मालकाचे की मापणाऱ्याचे, या प्रश्नाचा विचार फोनपुढे उभे राहण्याआधी करावा असे आमचे मत आहे, विशेषतः मापे मुलांची असतील तेव्हा.

आता शिवणकामातील एका शब्दाकडे वळतो, जो आमच्या नातवंडांना ठाऊक नाही. शिवताना कडेला जे जास्तीचे कापड आत दुमडून ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. "वाढत्या अंगाचा आहे, माया जरा जास्त सोडा," असे आई शिंप्याला बजावी. वर्षाने शिवण उसवून ती माया सोडविली की तोच सदरा आणखी एक वर्ष जाई. रंग उडालेल्या कापडावर बाजूला गडद पट्टा दिसे, त्यावरून पोर किती वाढले ते कळे. तयार कपड्याच्या शिवणीत ही माया जवळजवळ नसते. लक्षावधी नग शिवावयाचे तर प्रत्येकी दोन बोटे कापड वाचविणे हाच नफा. त्यामुळे तयार कपडा ज्या दिवशी बसतो त्या दिवसापुरता बसतो. बाळंतीण झालेली बाई, आजारातून उठलेला म्हातारा, वर्षात वीतभर वाढलेला मुलगा, यांच्यासाठी त्यात जागाच नाही. माप अचूक असूनही हा दोष राहतो. किंबहुना, माप जितके अचूक तितका तो अधिक जाणवतो.

दूर असलेल्या अंगासाठी कपडा बेतणे ही अडचण काही फोनने निर्माण केली नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची हकीगत आपणांस ठाऊक आहे. मुलाला तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाजवळ ठेवले. त्यानंतर दरसाल यज्ञाच्या वेळी नवऱ्याबरोबर ती वर जाई आणि जाताना एक लहान झगा शिवून नेई. पोथीत हे एका ओळीत येते. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचा झगा तिने कसा बेतला असेल? तिच्याजवळ गेल्या वर्षीचे माप होते, आणि शेजारपाजारची त्या वयाची पोरे डोळ्यांसमोर होती. थोडक्यात, झोझोटाऊनने पुढे यंत्राकडून करविला तोच अंदाज ती करीत होती. तरीही आम्हांला वाटते की तिने खात्रीने माया जास्त सोडली असेल, आणि झगा मोठा झाला तर तेथेच बसून टाके घातले असतील. कंपनीपाशी पहिला अंदाज होता. ते शेवटचे टाके घालण्यास तेथे कोणी जात नाही.

जपानी लोकांना मायेचे हे शहाणपण नवे नाही. किमोनोचा तागा सुमारे छत्तीस-अडतीस सेंटिमीटर रुंद व बारा मीटर लांब असतो. तो सरळ पट्ट्यांत कापतात, बगलेला वा गळ्याला गोल कातरत नाहीत, आणि उरलेले कापड छाटून न टाकता आत दुमडून ठेवतात. बाईच्या किमोनोची लांबी तिच्या उंचीइतकी ठेवतात आणि नेसताना जास्तीचे कापड कमरेशी दुमडून घेतात, त्याला ओहाशोरी म्हणतात. म्हणून आईचा किमोनो लेकीला होतो. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर व कमरेवर टीप घालून चुण्या घेतात आणि मूल वाढेल तशा त्या सोडवितात. धुण्यासाठी सगळी शिवण उसवून पट्ट्या पुन्हा जोडण्याची रीतही जुनी आहे. पट्ट्या जोडल्या की पुन्हा तागा तयार, मग तो दुसऱ्या अंगासाठी शिवावा. आपल्या आज्यांची नऊवारी याच जातीची. तिला एम नाही, एल नाही. पहिलटकरीण नेसली, सातव्या महिन्यात तीच नेसली, पुढे सुनेने नेसली. बसविण्याची कला कापणाऱ्याच्या हातात नव्हती, नेसणारीच्या हातात होती. एखादीला साडी चांगली दिसली नाही तर "नेसायला शीक" एवढेच म्हणत. ते शिकता येई. अंग कमी करण्यापेक्षा निऱ्या घालणे पुष्कळ सोपे.

अर्थात सर्वांनी पुन्हा नऊवारी किंवा किमोनो नेसावा असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. बस पकडावयाची असते. जपानी बायकाही आता किमोनो सणासमारंभालाच काढतात, आणि बऱ्याच जणींना तो नेसविण्यास जाणती बाई लागते.

मग ऑनलाईन कपडा घ्यावयाचा तर कसा घ्यावा? या बाबतीत जपानी दुकानदारांची एक रीत आम्हांस फार पसंत पडली. अक्षराबरोबर ते त्या कपड्याची तयार मापे सेंटिमीटरमध्ये छापतात: मागच्या गळ्यापासून खालपर्यंतची लांबी, बगलेखालची रुंदी, खांदा, बाही. हे कपड्याचे माप, अंगाचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आपला चांगला बसणारा एक सदरा घ्यावा, पलंगावर सपाट पसरावा, त्याच जागी टेप लावावी व आकडे ताडून पाहावे. अंगाला टेप लावण्याची गरज नाही, कोणाला आपले वजन कळवावयाची गरज नाही. भाचीला हा उपाय शेजारच्या जपानी बाईने शिकविला. आम्हांला तो ऐकताच हसू आले, कारण मुंबईत जाणाऱ्याच्या पिशवीत आपल्या बायका "मापाचा ब्लाऊज" घालून देतात तो प्रकार याहून वेगळा काय आहे? अंग येथे, शिंपी तिकडे, आणि मध्ये जुना ब्लाऊज साक्षीदार. बाही दंडावर कशी हवी, पाठ किती खोल हवी, सगळे त्यात आले.

राहता राहिला परत करण्याचा प्रश्न. एकाच झग्याची तीन मापे मागवावी, एक ठेवावे, दोन परत करावी, हे आता पुष्कळ घरी चालते. हे न्याय्य आहे काय? कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जपानमध्ये टपालाने घेतलेल्या मालाबाबत दुकानाने आधी जी अट लिहिली असेल ती चालते. काहीच लिहिले नसेल तर २००९ पासून माल मिळाल्यावर आठ दिवसांत परत करता येतो, पण टपालखर्च गिऱ्हाइकाचा. इस्राएलमध्ये दुरून केलेली खरेदी सर्वसाधारणपणे चौदा दिवसांत रद्द करता येते आणि दुकानदार फार तर किमतीच्या पाच टक्के अथवा शंभर शेकेल, यांपैकी जे कमी ते, कापून घेऊ शकतो. म्हणजे तिकडे न बसलेल्या कपड्याचा भार बव्हंशी गिऱ्हाइकावर, इकडे बव्हंशी दुकानावर.

आमचा निवाडा कायद्यापेक्षा थोडा वेगळा आहे. ज्या दुकानाने नुसते अक्षर छापले आणि कपड्याची मापे दडविली, त्याचा कपडा परत गेला तर सगळा खर्च त्याने सोसावा. गिऱ्हाइकाला अंधारात उडी मारावयास लावून वर लंगडल्याबद्दल दंड घेणे योग्य नव्हे. अशा दुकानातून कोणी तीन मापे मागवून दोन परत केली तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही. परंतु ज्याने लांबी, रुंदी, खांदा, बाही सरळ सांगितली, त्याच्या बाबतीत टेप काढण्याचा आळस करून तीन पुडकी मागविणे हे दुसऱ्याच्या खिशातून आपला आळस पोसणे आहे. तीन मजले चढून ती पुडकी आणणारा व परत नेणारा मुलगा कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो, त्याचीही आठवण ठेवावी. आणि कपडा ठीक असून केवळ आरशात आपण आवडलो नाही म्हणून तो परत जात असेल, तर दुकानाने त्यात काय करावे?

लग्नाला नवा झगा मागवावा, किमतीची चिठ्ठी आत खोचून रात्रभर मिरवावा, आणि दुसऱ्या दिवशी "बसत नाही" म्हणून परत पाठवावा, असाही एक प्रकार आमच्या कानावर आला आहे. तो झगा तिला उत्तम बसला होता, आम्ही फोटो पाहिले आहेत.